निसर्गाची भट्टी : शिंपला, हाड आणि उद्याचे सिरॅमिक

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीत ओतकाम चालू असताना पाहिले, तर एक विसंगती ध्यानात येते. लोखंडाचा तेथे रस झालेला असतो आणि त्याचे तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. हा रस ज्या भट्टीत असतो तिचे आतले अस्तर, तो ज्या साच्यात ओतला जातो ती वाळू, आणि रसातील मळ अडवण्यासाठी साच्यात बसवलेली जाळीदार गाळणी ही सर्व मुळात दगडमातीच्या कुळातली आहेत. लोखंडाचे पाणी करणाऱ्या उष्णतेपुढे ही माती ठाम उभी राहते. मात्र तीच गाळणी हातातून निसटून फरशीवर पडली, तर क्षणात तिचे तुकडे होतात. लोखंडाचा तुकडा पडला तर फार तर पोचा येतो.

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आणि पालक अशा कारखान्यांत काम करतात. त्यांना हे सारे ठाऊक आहे. आगीला न भिणारा हा पदार्थ लहानशा धक्क्याने का फुटतो, आणि त्याला चिवट करण्यासाठी आजचे शास्त्रज्ञ नदीतल्या शिंपल्याकडे, माणसाच्या हाडाकडे आणि भाताच्या तुसाकडे का वळले आहेत, हे समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. माझा अभ्यासविषय इतिहास आहे. परंतु माणसाने पदार्थ कसे घडवले, हाही इतिहासाचाच एक मोठा अध्याय आहे.

सिरॅमिक म्हणजे काय?

माती, दगड वा खनिजे यांची भुकटी घेऊन, तिला आकार देऊन, भट्टीत भाजून जो टणक पदार्थ तयार होतो त्याला सर्वसाधारणपणे सिरॅमिक म्हणतात. मडके, कौल, वीट, चिनी मातीची बरणी ही त्याची जुनी रूपे. गेल्या शतकात या कुटुंबात नवी मंडळी आली : ॲल्युमिना, झिर्कोनिया, सिलिकॉन कार्बाइड इत्यादी. मोटारसायकलच्या स्पार्क प्लगवरील पांढरा भाग ॲल्युमिनाचा असतो. खुब्याचा सांधा बदलताना बसवला जाणारा गोळा कित्येकदा सिरॅमिकचा असतो आणि अशा सांध्यांचा वापर १९७०च्या दशकापासून होत आला आहे. हे पदार्थ गंजत नाहीत, सहसा झिजत नाहीत, प्रचंड उष्णता सोसतात आणि पोलादापेक्षा हलके असतात.

एवढे गुण असूनही इंजिनाचे, यंत्राचे वा पुलाचे मुख्य भाग आपण सिरॅमिकचे करीत नाही. याचे कारण एकच, ठिसूळपणा. धातू मोडण्यापूर्वी वाकतो, ताणला जातो, म्हणजे आधी इशारा देतो. सिरॅमिक इशारा देत नाही. जेथे माणसाचा जीव त्या भागावर अवलंबून आहे, तेथे असा पदार्थ वापरताना अभियंत्याचा हात कचरतो.

तड्याचे शास्त्र

कापडाच्या दुकानातील माणूस कापड फाडताना काय करतो, ते आठवून पाहावे. आधी तो कात्रीने काठाला लहानशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडतो. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो, म्हणून थोड्या जोरात काम होते. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेच्या बाबतीत हेच गणिताने दाखवून दिले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे असतात, ताण त्यांच्या टोकाशी साठतो, आणि तडा एकदा विशिष्ट लांबीपलीकडे गेला की तो आपोआप धावत सुटतो.

आपल्या परिसराने हे अनुभवलेले आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि तेथील प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. वीज येण्यापूर्वी त्या उजेडात अभ्यास केलेली पिढी आजही आपल्यात आहे. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा एक शिंतोडा उडाला तरी ती तडकत असे, हे त्या पिढीला सांगावे लागणार नाही. थंड झालेला भाग आक्रसतो, भोवतालचा गरम भाग तसाच राहतो, मधल्या सूक्ष्म तड्यावर ताण येतो आणि तडा धावतो. धातूत तड्याच्या टोकाशी असलेले अणू एकमेकांवरून किंचित घसरतात, त्यामुळे टोक बोथट होते. काच आणि सिरॅमिक यांच्या अणूंची बांधणी इतकी घट्ट असते की त्यांना घसरता येत नाही. त्यांच्या कठीणपणाचे कारण आणि ठिसूळपणाचे कारण एकच आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो : तडा निर्माण होणे टळत नसेल, तर त्याला वाटेत अडवता येईल काय?

कुंभार आणि लेणी

या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रयोगशाळेत सापडलेले नाही. आपला कुंभार माती मळताना तिच्यात राख आणि घोड्याची लीद मिसळतो. नुसत्या चिकणमातीचे भांडे वाळताना आणि आव्यात भाजताना तडकते. मिसळलेल्या जिनसांमुळे माती कमी आक्रसते, लिदीतील काडीकचरा जळून बारीक छिद्रे राहतात आणि तड्याची सरळ धाव मोडते.

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे ज्या मातीच्या गिलाव्यावर काढली आहेत, त्यातही भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू आढळतात. वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी केला. त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले असल्याचे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. दगडाच्या भिंतीवर शतकानुशतके माती तगून राहिली, त्यात या तंतूंचा वाटा आहे. माती दाब सोसते, तंतू ताण सोसतो. दोहोंच्या संगतीतून एकट्या मातीत नसलेला गुण निर्माण होतो.

हा गिलावा कालवणाऱ्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. ज्यांच्या हातांना मातीची ओळख होती, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांना मातीला हात लावणे कमीपणाचे वाटे. जातीच्या भिंतीने हात आणि पुस्तक यांची ताटातूट केली. त्यामुळे राख किती घालावी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले, पण राख का घालावी या प्रश्नाची नोंद झाली नाही, चर्चा झाली नाही, आणि त्यातून शास्त्र उभे राहिले नाही. पुढे जी हकिकत सांगणार आहे, तीत हा ‘का’ विचारला गेला, एवढाच फरक आहे.

शिंपल्याची बांधणी

कृष्णेच्या काठावर सापडणारा शिंपला उचलून पाहावा. बाहेरून मळकट आणि आतून मोत्यासारखा चमकणारा. या मोतिया अस्तराचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडीही त्याच द्रव्याची, आणि ती किती सहज फुटते हे आपण जाणतो. उरलेला सुमारे ५ टक्के भाग प्रथिने व कायटिन यांसारख्या मऊ सेंद्रिय द्रव्यांचा असतो. तरीही हे अस्तर मोडण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच खनिजाच्या शुद्ध स्फटिकाच्या मानाने सुमारे ३००० पट असते.

हा चमत्कार घडतो तो बांधणीमुळे. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता हे अस्तर विटांच्या भिंतीसारखे दिसते. प्रत्येक वीट म्हणजे ॲरागोनाइट या खनिजाची चपटी चकती. तिची जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन आणि रुंदी ५ ते १० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन चकत्यांच्या मध्ये सेंद्रिय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, जणू विटांमधला दर्जाच. गवंडी जसा वरच्या थरातील विटेने खालचा सांधा झाकतो, तशाच येथेही चकत्या एकमेकींचे सांधे झाकतात.

आता तडा आला असे समजा. तो पहिली चकती फोडतो आणि मऊ थरापाशी येतो. तेथे त्याला सरळ जाता येत नाही, तो वळतो, चकतीच्या कडेने फिरतो, पुन्हा दुसऱ्या चकतीला भिडतो. चकत्या एकमेकींवरून किंचित सरकतात, परंतु त्यांचे पृष्ठभाग खडबडीत असल्याने घर्षण होते. काही ठिकाणी खनिजाचे बारीक पूल एका चकतीला दुसरीशी जोडतात. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील कल्पना कट्टी आणि दिनेश कट्टी यांनी २००५ साली असेही दाखवले, की काही चकत्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि ही अडकण अस्तराच्या चिवटपणास मोठी कारणीभूत आहे. या साऱ्या वळणावाकणांत तड्याची ऊर्जा संपते. शिंपल्याला तडा जातो, पण तो आरपार धावत नाही.

शंखाची रीत निराळी आहे. त्याच्या कवचात खनिजाच्या बारीक पट्ट्या एका थरात एका दिशेने आणि पुढच्या थरात आडव्या दिशेने रचलेल्या असतात. प्लायवूडमध्ये लाकडाचे थर असेच आडवेउभे असतात. हाडाची रीत आणखी वेगळी. घरी करता येईल असा एक साधा प्रयोग आहे. कोंबडीचे एक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. खनिज विरघळून जाते आणि हाड रबरासारखे वाकू लागते. दुसरे हाड चुलीत पांढरे होईपर्यंत भाजावे. सेंद्रिय भाग जळून जातो आणि हाड बोटांनी चुरता येते. पहिल्यात ताठपणा नाही, दुसऱ्यात चिवटपणा नाही. जिवंत हाडात दोन्ही आहेत, कारण त्यात दोन्ही द्रव्ये एकमेकांत गुंफलेली आहेत.

बर्फाने घडवलेली भिंत

ही बांधणी कळल्यावर तिची नक्कल करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९९० साली डब्ल्यू. जे. क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडचे पातळ पापुद्रे करून, त्यांवर ग्रॅफाइटचा लेप देऊन, ते एकावर एक रचून भाजले. ग्रॅफाइटचा दुबळा थर येताच तडा आडवा वळे. कमजोर थर मुद्दाम घालून सबंध वस्तू मजबूत होते, ही गोष्ट त्या काळी अनेकांना नवल वाटावे अशीच होती.

परंतु शिंपल्याचे थर याहून कितीतरी पातळ असतात. इतके पातळ थर हाताने वा यंत्राने रचणे जवळजवळ अशक्य. येथे साहाय्याला आला तो बर्फ. शाळेच्या फाटकाबाहेर प्लास्टिकच्या नळीत मिळणारी ‘पेप्सी’ मुले कशी खातात, ते सर्वांनी पाहिले आहे. रंग आणि गोडी चोखली जाते आणि नळीत पांढरा, फिका बर्फ उरतो. पाणी गोठताना आपल्या स्फटिकात साखरेला जागा देत नाही, तिला बाजूला ढकलते. खनिजाची भुकटी पाण्यात कालवून ती एका बाजूने हळूहळू गोठवली, तर बर्फाचे पातळ पडदे वाढत जातात आणि भुकटी त्या पडद्यांच्या मधल्या फटींत दाटते. नंतर निर्वात पोकळीत बर्फाची थेट वाफ करून तो काढून टाकायचा आणि उरलेला थरांचा सांगाडा भट्टीत भाजायचा.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००६ साली हा मार्ग दाखवला. २००८ साली तेथेच ॲल्युमिनाच्या अशा सांगाड्यात ॲक्रिलिक प्लास्टिक भरून, त्याच्या विटा जुळवून, एक पदार्थ तयार करण्यात आला. त्याला मोडण्यास लागणारी ऊर्जा त्याच्या घटकांच्या मानाने ३०० पटींहून अधिक भरली. प्लास्टिक असल्यामुळे तो भट्टीजवळ नेण्याजोगा मात्र नव्हता. २०१४ साली फ्रान्समधील संशोधकांनी प्लास्टिक वगळले. ॲल्युमिनाच्या चकत्या, त्यांच्यामध्ये पूल बांधणारे सूक्ष्म कण आणि थोडी काच एवढ्याच ठिसूळ सामग्रीतून त्यांनी शिंपल्यासारखी बांधणी उभी केली, आणि तिचा चिवटपणा सुमारे ६०० अंश तापमानातही टिकून राहिला. एकही घटक चिवट नाही, पण वस्तू चिवट. या विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

पुण्यातील काम

हे सारे परदेशातच घडले असे कोणी समजू नये. १९५० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुरुस्वामी कुमारस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बर्फाच्या पद्धतीने खनिज कणांचे स्पंज बनवले. पाण्यात कण आणि त्यांना जोडणारे बहुवारिक द्रव्य घालून ते गोठवायचे, गोठलेल्या अवस्थेतच जोडणी पक्की होऊ द्यायची, आणि मग बर्फ वितळू द्यायचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातील स्पंज दाबून चपटा केला, तरी सोडल्यावर पूर्वीच्या आकारात येतो. त्यातील कण मात्र ठिसूळ सिलिकाचे आहेत.

त्याच प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद, विपुल बन्सल आदींनी आणखी एक दिशा शोधली. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम नावाची एक बुरशी आहे. हरभऱ्यावरचा मर रोग तिच्याच एका प्रकारामुळे होतो, म्हणून शेतकऱ्याला ती शत्रू म्हणूनच माहीत. या बुरशीच्या साहाय्याने त्यांनी २००४ साली झिर्कोनियाचे अतिसूक्ष्म कण आणि २००६ साली बेरियम टायटनेटचे कण नेहमीच्या खोलीच्या तापमानात तयार केले. बेरियम टायटनेट हे विजेच्या कपॅसिटरमध्ये लागणारे सिरॅमिक आहे. एरवी ते बनवण्यासाठी हजार अंशांच्या आसपास तापवावे लागते. बुरशीने पाण्यात सोडलेली प्रथिने हे काम आगीशिवाय करतात. शिंपलाही आपली भिंत भट्टीवाचून, नदीच्या थंड पाण्यातच बांधतो. ज्यांच्या कारखान्याचे विजेचे बिल भट्टीवर ठरते, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ऊस, भात आणि वाळू

उसाच्या फडात काम केलेल्या माणसाला पाल्याने अंग कसे कापते, हे ठाऊक आहे. त्या पात्याच्या धारेत सिलिका असते. म्हणजे वाळूचेच द्रव्य, मुळांनी मातीतून विरघळलेल्या रूपात उचललेले. भाताच्या तुसात तर ते विशेष प्रमाणात असते. तुसाची नीट राख केली तर तिच्यात सुमारे ९० टक्के सिलिका मिळते. शिराळा आणि पाटण तालुक्यांत भात पिकतो आणि जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, म्हणजे हा कच्चा माल आपल्या दारातच आहे.

तुसात सिलिका आणि कार्बन एकमेकांत बेमालूम मिसळलेले असतात. माणसाला यंत्राने इतके एकजीव मिश्रण करणे अवघड जाते. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेतील युटा विद्यापीठात १९७०च्या दशकात तुसापासून सिलिकॉन कार्बाइड बनवण्यात आले. हवा न लागू देता तूस अतिशय तापवले की दोन्ही द्रव्यांचा संयोग होतो. फौंड्रीतील गाळण्या पुष्कळदा याच सिलिकॉन कार्बाइडच्या असतात. स्पंज सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवायचा, पिळायचा आणि भाजायचा. स्पंज जळून जातो आणि हाडाच्या आतल्या सच्छिद्र भागासारखी जाळी उरते. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली त्या बुरशीलाच तुसावर सोडून, भट्टीवाचून, त्यातील सिलिकेचे स्फटिकरूप सूक्ष्म कण मिळवले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे कर्तव्य आहे. सिलिका वनस्पतीत असताना निरुपद्रवी असली, तरी तिची स्फटिकरूप बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. वाळूचे साचे झाडताना, भट्टीचे अस्तर फोडताना ही धूळ उडते. तुसाची राख फार तापवली तर तीही स्फटिकरूप होते. कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे. योग्य मुखपट्टी, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि ओले करून झाडणे, या गोष्टी कामगाराने हक्काने मागाव्यात. नव्या पदार्थाचे कौतुक करताना तो घडवणाऱ्याचे फुप्फुस विसरले गेले, तर ती प्रगती अपुरीच म्हणावी लागेल.

पुढची वाट

या संशोधनाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. प्रयोगशाळेत बनलेले तुकडे लहान असतात. बर्फ एकसारखा वाढवत मोठी वस्तू घडवणे वेळखाऊ आणि खर्चिक आहे. शिंपला आपली भिंत सावकाश बांधतो, कारखान्याला तेवढा वेळ नसतो. त्यामुळे उद्याच इंजिन सिरॅमिकचे होईल असे नाही. परंतु अधिक टिकणारे भट्टीचे अस्तर, हाडाची झीज भरून काढणारा सच्छिद्र तुकडा, न तडकणारी गाळणी या दिशेने पावले पडू लागली आहेत.

या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा आपल्या मुलांना माहीत असाव्यात. वाराणसीच्या आयआयटीत आणि राउरकेल्याच्या एनआयटीत सिरॅमिक अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग आहेत. कोलकात्यात केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकूनही या विषयाकडे वळता येते. आयटीआय करून फौंड्रीत लागलेल्या मुलाजवळ तर एक मोठी ठेव आधीच असते. कोणते अस्तर किती दिवस टिकते आणि कोठून फुटते, हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्या अनुभवाला रसायनशास्त्राची आणि गणिताची जोड मिळाली, तर ज्याची नोंद कधी झाली नाही असे पुष्कळ ज्ञान कागदावर येईल.

शाळेच्या विज्ञानकक्षात एका काचपेटीत कृष्णेचा एक शिंपला, व्हिनेगरमध्ये ठेवलेले एक हाड, मूठभर तूस आणि वापरून झालेली फौंड्रीची एक गाळणी एवढे साहित्य मांडून ठेवावे, अशी माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. त्याला फारसा खर्च येणार नाही. त्यातील गाळणी आणून देण्याचे काम तर कुपवाडच्या वसाहतीत नोकरी करणारा आपल्यापैकी कोणीही करू शकेल. ती कोठून फुटली आणि का, हे त्यानेच येऊन मुलांना सांगावे.